कुरकुरीचं उद्यापन

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, ८ जुलै २०२५

चि. तनया,

आशीर्वाद आधी, बाकीचं मागून.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय म्हणून हसू नकोस. फेब्रुवारीचं पान आहे. पाठ कोरी करकरीत होती, टाकवेना. पाकीटही उलटवून चिकटवलंय, आतून विजेच्या बिलाचा पत्ता दिसेल.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. एक कारण तुझे बाळकाका. फोन लागला की ते स्पीकर लावतात, आणि मी तोंड उघडायच्या आत "ती विचारतेय की" असं म्हणून स्वतःच विचारतात. दुसरं कारण माझा नेम. परवा एकादशीला चातुर्मास लागला. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. आमच्याकडे कांदा तसाही बंद असतो. सोडायची वस्तू आवडीची हवी, नाहीतर त्या सोडण्याला अर्थ नाही. मी देवासमोर बसून खूप विचार केला. मला सगळ्यात आवडते ती कुरकुर. म्हणून यंदा कुरकुर सोडली. दुखतं, खुपतं, नको झालंय, असलं काही कार्तिकी होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. काका म्हणाले, "एवढी शांतता मला या वयात सोसेल का, ते आधी डॉक्टरांना विचारून ये."

तर प्रश्न. गेल्या वर्षी डावं मूत्रपिंड गाठीसकट काढलं तेव्हा वाटलं, सुटलो. यंदा फुप्फुसात ठिपके दिसले. त्याच गाठीची पिल्लं. आता दर तीन आठवड्यांनी शुक्रवारी सलाईनमधून औषध देतात, दोनदा झालं. डॉक्टर म्हणाले, "हे औषध गाठीला मारत नाही, तुमच्या पांढऱ्या पेशींना मोकळं करतं. मारायचं काम त्या करतील." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी दहावीला होते तेव्हा शास्त्राच्या पुस्तकात पांढऱ्या पेशींवर दोन ओळी होत्या, रोगजंतूंशी लढतात म्हणून. पण ही गाठ काही जंतू नाही. माझ्याच अंगातून निघालेली. माझीच माणसं माझ्याच माणसावर हात कसा उचलतील? आणि इतके दिवस त्या होत्या कुठे?

तू प्रयोगशाळेत दिवसभर या पेशींच्याच मागे असतेस. कागदावर नीट सांग. सलाईन थेंब थेंब उतरत असते तेव्हा मी नाम घेतेच. पण कुणाला उठवतेय ते कळलं, तर नाम त्यांच्या कानात सांगता येईल.

तुझी हेमाआत्या


बंगळुरू
१४ जुलै

ती. आत्या,

नमस्कार. प्रयोगशाळेत सगळ्यांना तुझं पाकीट दाखवलं. माझी मैत्रीण सृष्टी, आपल्या पुण्याचीच, ती म्हणाली, या बाईंना आमच्या विभागाची खरेदी सांभाळायला बोलवा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या जिन्यात बसलेलं आहे. तळमजल्याच्या कुमुदकाकू आठव. खुर्ची टाकून बसलेल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "कोणाकडे?" पोस्टमन असो, जावई असो. उत्तर पटलं तर मान हलते. नाही पटलं तर सगळी आळी गोळा होते.

तुझ्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हेच करतात. टी पेशी म्हणतात त्यांना. छातीच्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी असते, तिथे त्या लहानपणी शिकतात. शिकतात काय, तर आपलं माणूस कोण हे ओळखायला. जी आपल्याच माणसांच्या अंगावर धावून जाते तिला बहुधा तिथेच काढून टाकतात. बाकीच्या मग जन्मभर अंगातल्या गल्ल्यागल्ल्यांतून हिंडतात. प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचा नमुना दारात मांडून ठेवते. टी पेशी तो हाताने चाचपतात आणि पुढे जातात.

गाठीची पेशी घरातलीच, पण बिघडलेली. तिच्या दारातला नमुना जरा वेगळा लागतो, आणि टी पेशीला तो कळतोही. पण गाठ हुशार. टी पेशी दारात आली की ती पुढे होऊन तिचा हात हातात घेते. "अहो, मी घरचीच. बसा, दमला असाल." तो हात धरला की टी पेशी शांत होते. ही खूण शरीराने चांगल्यासाठीच ठेवलेली आहे, भांडण हाताबाहेर जाऊ नये म्हणून. गाठ ती चोरून वापरते. म्हणजे तुझ्या आतल्या या कुमुदकाकू, या बायका, झोपलेल्या नव्हत्या, आत्या. दारातच बसल्या होत्या, कुणीतरी त्यांचा हात धरून ठेवला होता.

तुझं औषध त्या दोन हातांच्या मध्ये जाऊन बसतं. हात सुटतो. मग त्यांना आठवतं आपण कशाला आलो होतो ते.

त्या मोकळ्या सुटल्या की अंगात थोडी धावपळ होणारच. घाबरू नकोस.

तुझी
तनया


सदाशिव पेठ
शनिवार, २ ऑगस्ट

चि. तनया,

तुझं पत्र मी देव्हाऱ्यात ठेवलंय, समईच्या मागे. तेल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

काल श्रावणातला शुक्रवार. जिवतीची पूजा केली. लेकरू परगावी असलं की त्याच्या दिशेला अक्षता टाकून ओवाळायचं, हे तुला माहीत आहे. माझ्या पोटी कुणी नाही, पण टाकायला तू आहेस. बंगळुरू नेमकं कुठल्या खिडकीकडे, यावर काकांनी वाद घातला. मी दक्षिणेला टाकल्या. ते म्हणाले, "त्या इथल्या इथे वारज्याला पडल्या. तिथल्या कुणाचं तरी भलं होईल."

आता ऐक. तिसरी सलाईन झाल्यापासून मला दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. आपल्याच पेठेतल्या गल्ल्या आहेत, पण भिंती गुलाबी, ओलसर, आणि हात लावला तर आतून धडधडतात. वर आभाळ नाही, नुसता उजेड, पणतीवर हात धरला की बोटांतून दिसतो तसा. आणि गल्लीगल्लीतून बायका चालल्यात. पांढरी सुती लुगडी, पायांत काही नाही, कुणी बोलत नाही. प्रत्येक दाराशी थांबतात, उंबऱ्यावर हात फिरवतात, पुढे जातात. एका दाराशी मात्र थांबल्या त्या थांबल्याच. मग एकीने मागे वळून नुसतं पाहिलं, आणि सगळ्या गल्ल्या वाहायला लागल्या. पुराचं पाणी पांढरं असावं तशा बायका. मी कठड्याला धरून उभी. त्यांतली एक माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "कोणाकडे?" मला काही सांगता येईना. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

त्यांची धावपळ सुरू झालीय, मला आतून ओळखू येते. कशी ते विचारू नकोस, नेम आहे. माझं सगळं छान चाललंय. अंग इतकं हलकं झालंय की जमिनीपासून बोटभर वरून चालल्यासारखं वाटतं. माळ हल्ली तुकड्यातुकड्यांनी होते, पण देव सांधून घेईल. मऊ भात आवडायला लागलाय. डाळिंबाच्या साली वाळवून ठेवल्या होत्या म्हणून काका हसायचे, त्याही कामी आल्या. घरात काही वाया जात नाही.

येत्या शुक्रवारी, आठ तारखेला, चौथी सलाईन.

आत्या


बंगळुरू
७ ऑगस्ट, सकाळ

आत्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. मी लगेच फोन केला. तू म्हणालीस, "मस्त आहे." तू आयुष्यात एकदाही मस्त हा शब्द वापरलेला नाहीस. काकांना फोन दिलास, ते म्हणाले, "मलाही मस्तच सांगते. नेम आहे ना." म्हणून हे पत्र सृष्टीबरोबर पाठवतेय. ती राखीसाठी आजच्या विमानाने पुण्याला येतेय, उद्या सकाळी तुझ्या हातात देईल. सलाईनला निघायच्या आधी पुरतं वाच.

मी शाळेत असताना तुमच्याकडे राहायचे. एकदा तू जपाला बसली होतीस आणि दूध उतू जाऊन शेगडी विझली. खोलीभर वास. तू उठली नाहीस. माळ हातात तशीच, दुसऱ्या हाताचं बोट स्वयंपाकघराकडे केलंस, आणि मी धावले. त्या बाईची माळ आता तुकड्यातुकड्यांनी होते. तिला माळेवरून उठवतंय कोण? मऊ भात, डाळिंबाची साल, जमिनीपासून बोटभर वर.

आत्या, तुला जुलाब होतायत. आणि बरेच दिवस होतायत.

धावपळ होणारच, हे मी लिहिलं. अर्धंच लिहिलं, ती माझी चूक. हात सुटलेल्या बायका कधी कधी गाठीवर थांबत नाहीत. भलत्या दारात शिरतात. तुझ्या आतड्यांच्या घरात शिरल्यात, तिथल्या निष्पाप माणसांना अडवून मारतायत. हे शुभलक्षण नाही. याच्यावर उपाय आहे, पण तो वेळेवर हवा. आणि अशात उद्याची सलाईन चढली, तर आतडं फाटेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. माणसं यात जातात, आत्या. मी तुला घाबरवत नाहीये, आहे ते सांगतेय.

काकांना मी हे सांगितलंय. ते तुला उद्या डॉक्टरांसमोर उभं करतील. पण तिथे तूच "काही त्रास नाही" म्हणालीस, तर ते काय करणार?

आता नेमाचं. मी तुझ्याइतकी देवाची नाही. पण एक पेशी राहिली होती तुला सांगायची. तिला झाडासारख्या फांद्या असतात. ती लढत नाही. गाठीजवळ जाते, तिथला एक बारीक तुकडा उचलते, आणि वाहत वाहत लसीकाग्रंथीपर्यंत येते. काखेत, मानेत असतात त्या. तिथे टी पेशी जमलेल्या असतात. ती त्यांच्यासमोर तो तुकडा धरते. हे असं असं तिथे सापडलं. बास. रडत नाही, दोष देत नाही, माझ्याच वाट्याला का म्हणत नाही. ती वर्दी देते म्हणून बाकीच्यांना उठावं कुठे ते कळतं. ती गप्प बसली तर कितीही शूर बायका असोत, नुसत्या हिंडत राहतील.

तिला तू कुरकुर म्हणशील का? मग उद्या तूही तेवढंच कर. तुकडा समोर धर.

तनया


पुणे, रुग्णालय
सोमवार, ११ ऑगस्ट

चि. तनया यांस,

मी तुझा बाळकाका. पत्र लिहायची मला सवय नाही, पण इथे फोन चार्जिंगला लावायला जागा मिळत नाही आणि बसायला भरपूर मिळते.

शुक्रवारी सकाळी तुझी मैत्रीण आली. चहा नको म्हणाली, यावर तुझी आत्या पहिल्यांदाच गप्प राहिली. पत्र वाचलं. देवापुढे बसली, दोनदा उठली, पुन्हा बसली. मग म्हणाली, "अहो, रिक्षा बोलवा. बसने जाववणार नाही." मी या घरात इतकी वर्षं आहे, रिक्षा बोलवा हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. तू फोनवर सांगितलेलं किती खरं आहे, ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे कागदावर नजर ठेवून विचारलं, "काही त्रास?" ही खुर्चीतून उठून उभी राहिली. "त्रास नाही. वर्दी द्यायचीय." डॉक्टरांनी मान वर केली. मग हिने शाळेत उत्तर म्हणावं तसं सगळं म्हटलं, कधीपासून, किती वेळा, रक्त दिसलं का. दिसलं होतं. मला माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत मी रोज पेपर वाचत होतो.

सलाईन रद्द झाली. लगेच दाखल केलं. स्टेरॉइड सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर त्यांनी काही शब्द दिला नसता. तुझी आत्या आता झोपली आहे. झोपेत हात हलतो, माळ ओढल्यासारखा.

ते औषध आता पुन्हा द्यायचं नाही म्हणतात. मग त्या ठिपक्यांचं काय, हे मी विचारलं. "बघू" म्हणाले. याचा अर्थ तुमच्या शास्त्रात काय होतो ते कळव.

बाळ


बंगळुरू
१८ ऑगस्ट

ती. काका, ती. आत्या,

'बघू'चा अर्थ आमच्या शास्त्रातही बघूच होतो.

खरं ते सांगते. स्टेरॉइड म्हणजे त्या सगळ्या बायकांना सक्तीने घरी बसवणं. आतड्यातल्या बसल्या, ते फार बरं झालं. पण गाठीपाशी असलेल्याही थोड्याफार बसल्या असतील. औषध बंद झाल्यावर काही जणांमध्ये त्या पुन्हा आपणहून उठतात, कारण एकदा ओळखलेला चेहरा त्यांतल्या काही विसरत नाहीत. वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. काही जणांमध्ये नाही उठत. कुणाच्या उठतील ते आज आम्हाला सांगता येत नाही. आम्ही दिवसभर तेच शोधत असतो.

आत्या, तू काहीतरी लिही. वाटेल ते.

तनया


(पोस्टकार्ड)
सदाशिव पेठ, १५ सप्टेंबर

चि. तनया,

घरी आहे. पोट ठीक आहे, ही वर्दी. गोळ्या कमी करत आणल्यात. पितृपंधरवडा चालू आहे, कावळ्याला पान ठेवलं, तो पटकन आला, मला ते आवडलं नाही. स्वप्नात गल्ल्या दिसतात. दारं उघडी, सगळीकडे तोच उजेड, पण कुणी नाही. मी एकटीच हिंडते. छातीचा पुढचा फोटो दिवाळीनंतर.

आत्या


सदाशिव पेठ, पुणे
रविवार, २ नोव्हेंबर, कार्तिक द्वादशी

चि. तनया,

आज माझ्या नेमाचं उद्यापन. संध्याकाळी तुळशीचं लग्न लावायचंय, ऊस आणून ठेवलाय, त्याआधी हे हातावेगळं करते.

उद्यापनाची रीत तुला ठाऊक नसेल. चार महिने जी वस्तू सोडली ती आधी कुणाला तरी दान द्यायची, मगच आपण तोंडात घालायची. वांगी सोडली तर वांगी द्यायची. मी आमच्या गुरुजींना विचारलं, "कुरकुर सोडली असेल तर?" त्यांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "ती मला नका देऊ, घरची पुष्कळ आहे. ज्याला पेलेल त्याला द्या." म्हणून तुला देतेय. पाटावर बसून वाच.

माझं तोंड त्या गोळ्यांनी पुरीसारखं फुगलंय. कुमुदकाकूंनी परवा जिन्यात मला "कोणाकडे?" विचारलं. रुग्णालयातली खिचडी ही खिचडी नव्हे. तुझे काका चहात इतकी वेलची घालतात की तो चहा श्रीखंडाच्या लग्नाला निघाल्यासारखा लागतो, आणि ते तो रोज सकाळी उशाशी आणून ठेवतात, त्यामुळे काही बोलता येत नव्हतं. तुझ्या मैत्रिणीने चहा घेतला नाही. डॉक्टर चांगले आहेत, पण ते "ओके?" विचारतात आणि उत्तराआधी निघतात. सोसायटीच्या टाकीचं झाकण जुलैपासून उघडं आहे, चार महिने मी त्याच्याकडे बघून नामस्मरण केलं. तू दोन वर्षांत घरी आलेली नाहीस.

ह्या वरवरच्या. आता तळाची.

मला मरायचं नव्हतं, तनया. लोक म्हणायचे, हेमाताई किती शांत, सगळं देवावर सोडलंय. सोडलं बिडलं काही नव्हतं. मी कुरकुर सोडली ती देवासाठी म्हणून नाही. एकदा तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल, आणि यांना ऐकवणार नाही, ही भीती होती. नेमाचं मी झाकण केलं. देवाला ते पहिल्या दिवसापासून कळलं असणार, म्हणूनच त्याने मला माळेवरून सारखं उठवलं. तुझ्या त्या फांद्यांच्या पेशीला मी रोज नमस्कार करते. तिची मूर्ती कुठे मिळत नाही म्हणून तुळशीलाच करते, फांद्या आहेत.

तर ही दिली. घेतली म्हणून कळव, म्हणजे मला उद्यापासून सुरुवात करता येईल.

आता फोटोचं. गुरुवारी काढला, काल डॉक्टरांनी बोलावलं. ते पडद्याकडे बघत राहिले, आणि या वेळी निघाले नाहीत. एक ठिपका दिसत नाही. दुसरा आहे, पण निम्मा झालाय. औषध नाही, काही नाही, तरी. म्हणाले, "आत कुणीतरी काम करतंय." यांनी विचारलं, "म्हणजे बरी झाली?" डॉक्टर म्हणाले, "बघू." पण या वेळचं बघू वेगळं होतं. काकांनी परतताना आपणहून रिक्षा केली, आणि मला कळायच्या आत मी "कशाला?" म्हणाले. एक दिवस आधी नेम मोडला. देवाला सांगितलंय.

काल दुपारी डोळा लागला. गल्ल्यांत बायका होत्या. फार नाहीत, पण होत्या. सावकाश चालल्या होत्या, दिवसाचं काम आटपत आलेल्या बायकांसारख्या. एक जिन्याच्या पायरीवर बसली होती, पांढऱ्या लुगड्याचा पदर आवरून. मला बघून म्हणाली, "कोणाकडे?"

म्हटलं, "इथलीच. वर राहते."

ती जरा सरकली, आणि मला जायला वाट दिली.

तुझी
आत्या